भिशीचे वीस हजार आणि जुना निकॉन डी७००० कॅमेरा

मी माजलगाव तालुक्यातला. साखर कारखान्यावर काट्यावर क्लार्क आहे, म्हणजे भरलेली गाडी काट्यावर चढली की वजन, रिकामी होऊन आली की परत वजन, पावती, पुढची गाडी. हंगामात रात्रपाळी लागली की पहाटे तीन-चारला टायरगाड्यांची जी लाईन लागते ना ती बघण्यासारखी असते, बैलांच्या नाकातून वाफ निघतीये, उसाच्या मोळ्यांवरच पांघरूण घेऊन लेकरू झोपलंय, आणि सगळ्याला मिळून उजेड काय तर एक हॅलोजन. चार हंगाम मोबाईलवर काढून बघितलं. बैलांचे डोळे तेवढे चमकतात, बाकी सगळं पिठलं. म्हणून कॅमेरा.

नवा घ्यायची ऐपत नाही हे आधीच माहीत होतं. जुना घ्यायचा तर नेमकं काय बघायचं, कुठं फसतं, हे सांगणारं मात्र कुणी भेटत नव्हतं, ज्याला विचारावं तो "कोणती कंपनी बेस्ट" यावरच अर्धा तास बोलायचा. मला पहिल्या दिवसापासून कॅमेरा हातात येईपर्यंत पावणेदोन महिने लागले आणि त्यात एकदा फसलोही. सगळं तारखेनिशी लिहितो.

१७ सप्टेंबर २०२४ ला मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी होती, त्याच दिवशी अनंत चतुर्दशी पण आलेली, आणि संध्याकाळी विसर्जनाच्या गडबडीतच आमच्या भिशीची चिठ्ठी निघाली. दहा जणं, महिना तीन हजार. माझं नाव निघालं. तिसातले दहा पोरीच्या शाळेला गेले, ते बायकोनं पैसे हातात पडायच्या आधीच सांगून टाकलेलं. वीस माझे. "अहो, वीसच्या वर एक रुपया मागितला तर कॅमेरा घेऊन वट्ट्यावर झोपायचं," असं ठरलं.

आता शहाणा माणूस आधी कॅमेरा घेतो आणि मग लेन्स. मी उलटं केलं. आमच्या इथं एक जुने फोटो स्टुडिओवाले मामा आहेत, आता पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशनच चालतं त्यांचं, त्यांच्या काचेच्या कपाटात निकॉनची ५० एमएम एफ १.८ डी लेन्स पडलेली. मी रात्रीच्या फोटोचं बोललो तर म्हणले की तुला हीच पाहिजे, १.८ म्हणजे भोक मोठं, उजेड जास्त आत येतो, कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सनं तुझं काम व्हायचं नाही. साडेतीन हजार सांगितले. रविवारी, २२ तारखेला घेतली. घ्यायच्या आधी मामांनीच दाखवलं, लेन्स डोळ्यासमोर धरायची आणि पलीकडून मोबाईलची बॅटरी मारायची. आत बारीक धूळ दिसली तर घाबरायचं नाही, ती जुन्या लेन्समध्ये असतेच, पण कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काही पसरलेलं दिसलं तर ती बुरशी, तिला हात जोडायचे. आपल्याकडं हवा कोरडी म्हणून बुरशी त्यामानानं कमी, पण चामड्याच्या केसमध्ये घालून वर्षानुवर्षं कपाटात ठेवलेली लेन्स असली की तिचा भरवसा नाही.

घरी आलो तर आई म्हणाली, "आरं पितरपाटात कोण नवी वस्तू घेतंय?" म्हणलं आई, जुनी हाय. तिनं जरा विचार केला आणि म्हणली, "मग चालतंय."

दोन दिवसांनी कळलं की ही लेन्स निकॉनच्या स्वस्तातल्या कॅमेऱ्यांवर आपोआप फोकसच करत नाही. डी टाईपच्या लेन्समध्ये मोटार नसते, ती बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून बाकीच्या कॅमेऱ्यात लागते. लेन्सच्या मागच्या पत्र्यावर स्क्रूच्या डोक्यासारखी एक खाच असते आणि बॉडीच्या गोल रिंगवर स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकासारखी पिन बाहेर आलेली असते, ती पिन फिरते तेव्हा फोकस होतो. डी३२००, डी५३०० असल्या बॉडीत ती पिनच नाही. फोटो निघतो, पण रिंग हातानं फिरवून फोकस करायचा, आणि पहाटेच्या अंधारात चालत्या बैलगाडीवर ते मला तरी जमणार नव्हतं. मोटारवाल्या बॉडी म्हणजे डी९०, डी७०००, डी७१०० ह्या लाईनीतल्या. डी७१०० बजेटच्या बाहेर. डी९० फार जुना. राहिला डी७०००, २०१० साली आलेला, १६ मेगापिक्सेलचा.

१६ ऐकून दोघं-तिघं हसले, कारण डी३२०० मध्ये २४ आहेत आणि तो स्वस्त मिळतो. पण माझं काम मोटारीवर अडलेलं, मेगापिक्सेलवर नाही. (तुमच्याकडं आधीची कुठलीच लेन्स नसेल तर ह्या भानगडीत पडूच नका. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटार लेन्समध्येच असते, त्यामुळं ७००डी नाहीतर १२००डी घेतला तरी हा प्रश्न येत नाही.) अजून एक, निकॉनच्या एएफ-पी लिहिलेल्या लेन्स नव्या आणि स्वस्त दिसतात, एकानं मला १८-५५ दोन हजाराला देऊ केली होती, पण त्या डी७००० वर फोकसच करत नाहीत, हातानं पण नाही. लेन्सवरचं नाव पूर्ण वाचत जा, एका अक्षरात पैसे जातात.

आता फसलो ते. सप्टेंबरच्या शेवटी जुन्या वस्तूंच्या एका ॲपवर डी७००० अकरा हजाराला दिसला. फोटो चकाचक. माणूस हिंदीत बोलला, फौजेत आहे म्हणाला, बदली झाली म्हणून विकतोय, वर्दीतला फोटो आणि ओळखपत्र पण पाठवलं. कॅमेरा फौजेच्या पार्सलनं येणार, त्याचे दीड हजार आधी, बाकीचे कॅमेरा बघून. मला वाटलं दीड हजारच तर आहेत. पाठवले. दुसऱ्या दिवशी पार्सलची पावती आली, त्यावर माझं नाव, गाव, पिनकोड सगळं बरोबर, आणि मागोमाग फोन, की इन्शुरन्सचे तीन हजार भरा, ते परत मिळतील. तेव्हा पोटात गोळा आला. आपण काट्यावर बसून शंभर किलोचा फरक पकडतो आणि इथं अख्खा गडी सुटला.

लाजेनं चार दिवस कुणाला सांगितलं नाही, आणि तीच खरी चूक. चौथ्या दिवशी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला फोन लावला. तीन वेळा एंगेज, चौथ्यांदा लागला. त्यांनी पैसे गेले ती तारीख, वेळ, रक्कम, समोरच्याचा नंबर आणि यूपीआयचा १२ आकडी व्यवहार क्रमांक विचारला, तो शोधायला मला पाच मिनिटं लागली, तुम्ही आधी कागदावर लिहून घ्या. मग मेसेजवर तक्रारीचा क्रमांक आला आणि राहिलेलं सायबर क्राईमच्या पोर्टलवर भरलं, स्क्रीनशॉट, बँकेचं स्टेटमेंट, त्याची चॅट. पैसे आले नाहीत. चार दिवसांत ते कुठल्या कुठं गेलेले असणार. फोन तासाभरात केला तर पुढच्या खात्यात रक्कम अडवायची संधी तरी असते.

बायकोला दसऱ्याच्या दिवशी सांगितलं. ती काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

नंतर एकच नियम केला की कॅमेरा हातात घेऊन बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. जाण्याआधी समोरच्याकडून त्याच कॅमेऱ्यातून आज काढलेला फोटो मागायचा, आणि व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून मागायचा. नुसता फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्यातली सगळी माहिती पुसून टाकतं. निकॉनच्या मूळ फाईलमध्ये कॅमेऱ्यानं आजवर किती क्लिक मारले तो आकडा लपलेला असतो, फाईल टाकली की तो दाखवणाऱ्या फुकट साईट आहेत. कॅननमध्ये बहुतेक मॉडेलला असं फोटोवरून कळत नाही, केबल लावून सॉफ्टवेअरनं बघावं लागतं. डी७००० चं शटर कंपनीनं दीड लाख क्लिकला टेस्ट केलेलं आहे. दीड लाखाला ते मरतंच असं नाही, पण गाडीचं किलोमीटर बघतो तसं बघायचं.

२० ऑक्टोबर, रविवार. लातूरला एक लग्नाचे फोटो काढणारा दादा होता, तो मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या पद्धतीच्या कॅमेऱ्यावर गेला म्हणून डी७००० आणि १८-१०५ लेन्स मिळून साडेबारा हजार म्हणत होता. (दिवाळीच्या आधी फोटोवाले जुनं काढून नवं घेतात, कारण तुळशीचं लग्न झालं की सिझन सुरू. हे दिवस शोधायला चांगले.) फाईल पाठवा म्हणलं तर नेट नाही म्हणाला, इथंच मी नियम मोडला, आणि अंबाजोगाई मार्गे साडेतीन तास एसटीत बसून गेलो. कॅमेरा बघितला तर अंगठ्याजवळचं रबर सुटून फुगलेलं, फेविक्विकनं चिकटवलेलं. ते चालतं, ह्या मॉडेलला ते होतंच. "किती क्लिक झालेत?" तर म्हणाला, "हे बघा ना, फोटो नंबर ५१२०, पाच हजार फक्त." मला पण आधी तसंच वाटायचं, पण तो फाईलचा नंबर ९९९९ झाला की परत ०००१ पासून सुरू होतो. माझं कार्ड टाकून एक फोटो काढला, ओटीजीच्या रीडरनं मोबाईलमध्ये घेतला, साईटवर टाकला. १,२६,००० च्या वर. दादा पण खरोखर चकित झाला, मला नाही वाटत तो खोटं बोलत होता. १८-१०५ मध्ये बॅटरी मारली तर कडेला जाळं. त्याला दाखवलं. त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, दहा द्या. नाही म्हणलं. जाऊन-येऊन आणि जेवण धरून पाचशे गेले.

मधे दिवाळी. त्या आठवड्यात कुणी फोन उचलत नाही, उगाच डोकं लावू नका.

५ नोव्हेंबरला छत्रपती संभाजीनगरची एक जाहिरात दिसली, डी७०००, फक्त बॉडी, बॉक्स आणि बिलासहित, पंधरा हजार. फोन केला तर रिटायर झालेले काका, सिडकोत राहणारे. फाईलचं बोललो तर त्यांना डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं जमेना, शेवटी त्यांच्या नातीनं पाठवलं. आकडा निघाला २१,४००. मी दोनदा तपासला. काका म्हणाले, २०१२ ला घेतला, चार वर्षं दर रविवारी वेरूळ नाहीतर दौलताबाद, मग गुडघे गेले. लेन्स पोरानं पुण्याला नेली, बॉडी कपाटात.

१० नोव्हेंबर, रविवार. फसल्यापासून ऑनलाईनचा धसका बसलेला म्हणून रोख नेली, चौदा हजार, सोबत बँकेतून काढल्याची स्लिप. आचारसंहिता चालू होती. शहागडच्या अलीकडं गाडी थांबवून बॅगा तपासल्या, माझ्या बॅगेत लेन्स, बॅटरी, कार्ड रीडर आणि नोटा बघून पोलिसदादा म्हणाले, "काय करतोस रे तू?" म्हणलं साहेब, काट्यावर क्लार्क. मर्यादा पन्नास हजाराची होती त्यामुळं अडवलं नाही, पण स्लिप दाखवली तेव्हा लवकर सुटलो.

काकांच्या घरी साडेअकराला पोहोचलो. जाताना मी एका कागदावर तपासायची यादी लिहून नेलेली, ती उघडायला लाज वाटली, पण काका म्हणाले, "काढा काढा, मी पण स्कूटर घेताना यादी नेली होती." बॉडीच्या बुडाखालचा सिरीयल नंबर, बॉक्सवरचा आणि बिलावरचा, तिन्ही एकच. चालू केला तर वरच्या छोट्या स्क्रीनवर "क्लॉक" लुकलुकायला लागलं. खराबी नाही ती, आत घड्याळाची एक बारकी बॅटरी असते, कॅमेरा महिनोन्महिने पडून राहिला की उतरते आणि मोठी बॅटरी दोन दिवस लावून ठेवली की परत भरते. डोळा लावला तर सगळं धूसर, छातीत धस्स झालं, तर काकांना चष्मा होता आणि डोळा लावायच्या जागेजवळचं बारीक चाक त्यांच्या नंबरला फिरवलेलं. ते माझ्या डोळ्याला जुळवलं, स्वच्छ.

मग माझी लेन्स लावली. खटकन बसली. आणि स्क्रीनवर आलं "एफ-ई-ई", शटर दाबलं जाईना.

दोघंही गप्प. पंख्याचा आवाज. मला वाटलं साडेतीन हजार गेले, काकांना वाटलं असेल ह्या पोरानं कॅमेरा बिघडवला. शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो त्या खोक्यात पुस्तक आहे ना." काकांनी मॅन्युअल काढलं, बोट फिरवत फिरवत सापडवलं. डी लेन्सवर आकड्यांची एक रिंग असते, ती २२ ह्या केशरी आकड्यावर नेऊन बाजूचं बारकं लॉक सरकवायचं असतं. मामांच्या कपाटात ती ८ वर फिरलेली. २२ वर नेली, लॉक केली, एफ-ई-ई गेलं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर धरून बटण अर्धं दाबलं आणि आतली मोटार कर्रर्र करून फिरली, घरातल्या पिठाच्या गिरणीचा आवाज असतो ना, त्याचं लेकरू. मला तो आवाज फार गोड वाटला.

बाकीचं पटापट केलं. लेन्सचं झाकण लावून लांब शटरचा एक फोटो काढला, त्यात लाल-निळे ठिपके असले तर सेन्सरचे पिक्सेल गेलेले, एकच सापडला, चालतं. गच्चीवर जाऊन एफ १६ ला, म्हणजे भोक बारीक करून, मोकळ्या आभाळाचा फोटो काढला तर चार काळे डाग, ती सेन्सरवरची धूळ, रबरी ब्लोअरनं जाते, तोंडानं फुंकर मारायची नाही, थुंकी उडाली की काम वाढतं. दोन्ही कार्डाचे कप्पे बघितले. मेनूत "बॅटरी इन्फो" म्हणून आहे, तिथं बॅटरीचं वय शून्य ते चार दाखवतं, शून्य म्हणजे नवी. काकांची तीनवर. ते दाखवूनच भाव केला. मी अकरा म्हणलं, काका चौदा, काकू मधे पडल्या, साडेबारा.

पावती मी घरूनच लिहून नेलेली. कोणी कोणाला काय विकलं, सिरीयल नंबर, रक्कम अक्षरी, तारीख. पाच हजाराच्या वर रोख पावती असली की एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लागतं, ते पोस्टातून आदल्या दिवशीच घेऊन ठेवलं होतं कारण रविवारी पोस्ट बंद. काकांनी स्टॅम्पवर सही केली, आधारची झेरॉक्स दिली, तिच्यावर "फक्त कॅमेरा विक्रीसाठी" असं आडवं लिहून. जुनं बिल पण दिलं. उद्या कुणी विचारलं की हा कुठनं आणला तर कागद असावा, एवढंच. निघताना काकांनी कॅमेरा परत एकदा हातात घेतला, रिकाम्या भिंतीवर धरून दोन क्लिक मारले आणि मग पट्टा गुंडाळून माझ्याकडं दिला.

हिशोब असा, लेन्स ३,५००, फौजी १,५००, लातूर ५००, बॉडी १२,५००, संभाजीनगरचं भाडं आणि चहापाणी ४८०, डुप्लिकेट बॅटरी १,२००, ३२ जीबी कार्ड ४५०, ब्लोअर २५०. वीस हजार तीनशे ऐंशी. वरचे तीनशे ऐंशी मी माझ्या पेट्रोलमधून काढले, घरी अजून माहीत नाही. तुम्ही बजेट काढाल तेव्हा बॅटरी-कार्डाचे दोन हजार आधीच बाजूला ठेवा, सगळे पैसे बॉडीत घालून बसलात तर कॅमेरा शोभेला.

घरी आल्यावर अजून एक निघालं. १.८ वर फोटो काढला की फोकस थोडा मागं जायचा, पोरीच्या डोळ्यावर धरलं तर कान स्पष्ट. डी७००० च्या मेनूत "एएफ फाईन ट्यून" आहे, टेबलावर डाळीचे डबे तिरके मांडून मधल्यावर फोकस करायचा आणि कोणता स्पष्ट येतो बघत बसायचं. एक अख्खी संध्याकाळ गेली, वजा सातला नेमका बसला. बायको म्हणाली, डब्यांचेच फोटो काढायला घेतला का.

हंगाम सुरू झाल्यावर नोव्हेंबरच्या शेवटी पहिली रात्रपाळी लागली. पहाटे पावणेचारला लाईनीत धारूरकडची एक नवरा-बायकोची जोडी होती, ओळखीची, दरवर्षी येतात. विचारून काढला. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती तल्लख ठेवायचा तो आकडा, ३२००, आणि भोक एफ २. दाणे दिसतात फोटोत, पण बैलाच्या नाकातली वाफ आली, गाडीवरच्या पोराची टोपी आली, बाईच्या हातातल्या कोयत्याची धार आली. मी स्क्रीनवर दाखवला. दोघंही वाकून बघत राहिली, बैलाला हाक मारायची विसरली, मागचा गाडीवान ओरडायला लागला.

"टाका की मोबाईलवर," त्या जोडीतला दादा म्हणला.

म्हणलं ह्याच्यातनं डायरेक्ट जात नाही, वायफाय नाही, आधी कार्ड काढायचं, मग रीडरला लावायचं, मग मोबाईलमध्ये घ्यायचं, उद्या सकाळी टाकतो.

त्यानं कॅमेऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मग मोबाईलच बरा की वो," म्हणला आणि गाडी काट्यावर घेतली.